धुतलेली काठी

आधीच सांगून टाकतो. अपंगत्वाच्या दाखल्यासाठी डॉक्टरांच्या बोर्डासमोर जायचं असेल, तर काठी आत घेऊन जा. दारात चपलांजवळ ठेवू नका. हे वाचून तुम्हाला हसू येईल. एवढं कुणाला कळत नाही का, असंही वाटेल. मला कळलं नव्हतं. माझ्या बायकोलाही कळलं नाही, आणि ती माझ्यापेक्षा बरीच हुशार आहे.

माझं नाव दिलीप. नसरापूरहून वेल्ह्याला जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव आहे. तालुक्याचं नाव आता बदललंय, पण आम्ही अजून वेल्हेच म्हणतो. आजारी पडायच्या आधी मी या रस्त्यावर वडाप करायचो, म्हणजे जीपमध्ये माणसं कोंबून नसरापूर ते वेल्हे आणि वेल्हे ते नसरापूर अशा फेऱ्या मारायचो. शिक्षण बारावी. विहारातल्या कार्यक्रमांत माईक माझ्याच हातात असतो, म्हणून गावाला वाटतं मला लिहिताही येत असेल. बघू या.

क्लच

पाठ दुखायला लागली तेव्हा मी तिला फारशी भीक घातली नाही. जीप चालवणाऱ्याची पाठ दुखायचीच. आमच्या स्टँडवर पाठ न दुखणारा ड्रायव्हर शोधूनही सापडला नसता. कुणी सांगितलं सारोळ्याला एक पायाळू माणूस आहे, त्यानं पाठीवर लाथ मारली की उसण पळते. गेलो. त्यानं मारली. येताना त्याला वर नारळही देऊन आलो. पुढं डॉक्टरांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी डोक्याला हात लावला होता.

संध्याकाळी अंगात बारीक ताप असायचा, तो मी उन्हावर ढकलला. वजन उतरत चाललं होतं, तर सुनंदा, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "बरं झालं, प्वाट तरी गेलं एकदाचं."

मग एके दिवशी मार्गासनीच्या पुढं गिअर बदलायला गेलो आणि डावा पाय क्लचवर आलाच नाही. खाली बघितलं. पाय होता तिथंच होता. मी उचलतोय आणि तो उचलला जात नाही. ब्रेक दाबला, गाडी हिसके देत बंद पडली. मागून एक म्हातारी ओरडली, "काय रं दिलप्या, झोपला का काय?"

"म्या न्हाई आजी, पाय झोपलाय," मी म्हणालो.

सगळी गाडी हसली, मीही हसलो. दुसऱ्या एका ड्रायव्हरनं जीप वेल्ह्यापर्यंत नेली आणि मी मागं माणसांत बसून गेलो. ती माझी शेवटची फेरी होती.

खोकला न्हाई तरी

पुण्यात नळकांड्यासारख्या मशिनमध्ये घालून पाठीचे फोटो काढले. डॉक्टर तरुण होता. त्यानं फोटो उजेडावर धरला आणि मणक्यातली एक जागा बोटानं दाखवली. म्हणाला, "इथं टीबी झालाय. मणका खचलाय आणि नस दाबली गेलीय. ऑपरेशन लवकर करावं लागेल."

सुनंदा म्हणाली, "पर ह्यांला खोकला बी न्हाई, साहेब."

टीबी छातीतच होतो असं आम्ही धरून चाललो होतो. तो हाडातही होतो, हे त्या दिवशी कळलं. मला पुढचं धड ऐकू येत नव्हतं. डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, की जीप स्टँडवर लावलीय आणि चावी माझ्या खिशात आहे. सुनंदानं मात्र विचारायचं ते विचारलं. "पोरीला लागंल का?" आमची प्रतीक्षा तेव्हा दहावीत होती. डॉक्टर म्हणाला, हाडातला टीबी सहसा असा पसरत नाही, औषध सुरू झालं की मग चिंताच नको. हे ऐकल्यावर सुनंदा रडली. माझ्यासाठी नाही, पोरगी सुटली म्हणून रडली, आणि मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही.

वॉर्ड

ऑपरेशननंतर मला सरळ पडून राहायचं होतं. कुशीवर वळायचं तर दोघांनी मिळून ओंडका फिरवावा तसं फिरवायचं. लघवीला नळी. छताचा पंखा आणि त्याच्यावर बसलेली धूळ, एवढंच जग उरलं होतं. शेजारच्या खाटेवर भोरचा एक गवंडी होता, माडीवरून पडलेला. तो दिवसभर डोळे मिटून असायचा आणि जेवण आलं की न चुकता म्हणायचा, "आज तरी मीठ असंल का?" नसायचं.

गोळ्या सुरू झाल्या आणि पिशवीत लघवी लालसर दिसायला लागली. मला वाटलं आतून रक्त जातंय, सगळं संपलं. मी असा ओरडलो की वॉर्डातली मावशी बादली टाकून धावत आली. पिशवी बघून म्हणाली, "अरे बाबा, गोळीचा रंग हाय त्यो. समद्यांना येतो. मी म्हणलं मेला का काय ह्यो." मग तिनं माझं तोंड ओल्या फडक्यानं पुसलं. माझ्या घरच्यांनाही ते सुचलं नव्हतं. तुमच्या गोळ्यांनी असा रंग आला, तर घाबरू नका, पण डॉक्टरांना विचारून घ्या.

भीती रात्रंदिवस होती. पाय परत येईल का, हे मी रोज विचारायचो आणि रोज तेच उत्तर मिळायचं, "बघू."

ग्लास

घरी आलो तेव्हा मधल्या भिंतीपलीकडं राहणाऱ्या माझ्या भावानं आणि भावजयीनं माझी सगळी उस्तवार केली. खाट आणली, संडासात धरायला पाइप बसवून दिला. पण त्यांच्या घरून चहा आला की माझा ग्लास वेगळा असायचा, काठावर लाल रेघ असलेला. सुनंदानं तो ओळखला आणि एक दिवस भावजयीसमोर त्याच ग्लासातून स्वतः पाणी प्यायली. त्यानंतर दोघींत बरेच दिवस बोलणं नव्हतं. मला वाटायचं, माझ्यापायी घर फुटतंय आणि मी खाटेवरून नुसता आढं बघतोय.

जीप विकली. सुनंदा हायवेच्या बाजूला एका कंपनीत पॅकिंगला जायला लागली. मी नसरापूरला फिजिओथेरपीला जाऊ लागलो. तिथल्या मॅडमनी मला अक्षरशः उभं केलं. आधी पट्टा लावून, मग दोन समांतर पाइपांत, मग वॉकर, मग काठी. डावं पाऊल पुढून लोंबतं, जमिनीला घासतं. पायाखाली काय आहे ते नीट कळत नाही, म्हणून साधी चप्पल कधी निसटून मागं राहिली तेही समजत नाही. मागून पट्टा असलेली सँडल लागते. पण मी चाललो. घरापासून विहारापर्यंत काठी घेऊन गेलो, त्या दिवशी बायकांनी मागं माझ्यासाठी एक प्लास्टिकची खुर्ची मांडून ठेवली होती. ती खुर्ची आजही तिथंच असते.

आता काठीचं सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. आमच्याकडची माती लाल आणि पाऊस म्हणाल तर चार महिने उसंत नाही. काठीचं बूड चिखलातून, शेणातून, गटारातून फिरून येतं. घरात फरशी सुनंदा रोज पुसते. त्यामुळं काठी ही आमच्याकडं चपलांच्या हिशेबात बसली. सँडल काढायची, काठी दाराशी टेकवायची आणि घरात भिंत, कपाट, खाटेचा खूर असं धरत जायचं. विहारातही तसंच, भावाच्या घरीही तसंच. कुणी शिकवलं नव्हतं, आपोआपच तसं झालं.

पहिला बोर्ड

निराधारची पेन्शन मिळेल, असं ग्रामपंचायतीत कळलं. ती मला कशासाठी हवी होती, ते सांगतो. फिजिओथेरपी बंद पडली होती. नसरापूरला जायचं तर एसटीत चढता येत नाही, पायरी फार उंच. रिक्षा सांगावी लागते, आणि सुनंदाच्या पगारातून घर चालवून रिक्षा परवडत नव्हती. मॅडमनी स्पष्ट सांगितलं होतं की व्यायाम थांबला तर पाय आखडेल आणि मग मिळवलेलं जाईल. पेन्शन म्हणजे माझ्यासाठी नसरापूरची रिक्षा होती. त्यासाठी दाखल्यावर चाळीस टक्के लागतात. चाळीसच्या खाली असलात तर कार्ड पांढरं मिळतं आणि वर असलात तर पिवळं. पांढऱ्यावर पेन्शन नाही.

तपासणीचं हॉस्पिटल कुठलं ते सांगत नाही. त्या बिचाऱ्यांच्या दारात दीडशे माणसं होती आणि डॉक्टर एकच.

दारावर पाटी होती, "पादत्राणे बाहेर काढावीत." आम्ही काढली. सुनंदानं खाली बसून माझ्या सँडलचा पट्टा सोडवला. काठी मी सवयीनं चपलांजवळ टेकवली. दाराची चौकट धरली, मग टेबलाची कड, आणि स्टुलावर बसलो. सुनंदा पाठीमागं उभी राहिली. शिकलेल्या माणसासमोर चांगलं दिसावं म्हणून मी ताठ बसलो होतो.

डॉक्टरांनी पाय वरखाली करून बघितले, हातोडी मारली. "चालता येतं का?"

"येतं साहेब. सावकाश."

"काठी वगैरे?"

मी दाराकडं बघितलं. तिथून काठी दिसत नव्हती. म्हणालो, "हाय की." पण तोवर पुढचा माणूस आत घेतला होता आणि डॉक्टर लिहीत होते.

"शेतात जाता का?"

"जातो की." आता गावात कुणी असं विचारलं तर दुसरं काय म्हणणार? मी जातो, म्हणजे बांधावर खुर्ची टाकून बसतो. भाऊ आणि भावजय भात लावतात आणि मी कुत्री हाकतो. हे सगळं सांगायला मला कुणी मनाई केली नव्हती. पण बरं नाही, जमत नाही, होत नाही, असं परक्या माणसासमोर एकामागून एक म्हणायची आम्हाला सवयच नाही. कुणी कसं आहे विचारलं की आपण बरं आहे म्हणतो. अंगात ताप असला तरी म्हणतो.

पांढरं कार्ड

महिन्याभरानं प्रतीक्षानं मोबाईलवर बघून सांगितलं, "पप्पा, छत्तीस."

मला आधी वाटलं, ती तिचे मार्क सांगतेय.

वेल्ह्याला तहसीलमध्ये गेलो. तिथला क्लार्क माणूस म्हणून चांगला होता. माझ्या जीपमधून कधीकाळी आला गेला होता. त्यानं मला खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाला, "दिलीपभाऊ, चाळीसच्या खाली आकडा टाकला की कॉम्प्युटर अर्ज घेतच न्हाई. माझ्या हातात असतं तर म्या थांबवलं असतं व्हय?" मग त्यानंच सांगितलं की निर्णय मान्य नसेल तर मुदतीत अपील करता येतं, आणि आधी पहिल्या तपासणीच्या कागदांची प्रत मागा.

तुम्हालाही हेच सांगतो. प्रत मागा. आम्हाला ती मिळाली तेव्हा त्यात इंग्रजीत एक ओळ होती, प्रतीक्षानं वाचून दाखवली. त्याचा अर्थ असा, की पेशंट काठीशिवाय आत आला, स्वतः बसला, शेतीची कामं करतो.

एकही शब्द खोटा नव्हता. मी बराच वेळ ती ओळ ऐकत राहिलो, म्हणजे पोरीला ती पुन्हा पुन्हा वाचायला लावली. मला कुणाचा तरी राग करायचा होता. डॉक्टरचा करावा, तर त्यानं जे बघितलं ते लिहिलं. क्लार्कचा करावा, तर तो पाणी देतोय. भांडायला समोर माणूसच नव्हता. मग तो राग मी घरातल्यांवर काढला. भाजीत मीठ जास्त झालं म्हणून ताट सरकवलं. सुनंदा तेच ताट घेऊन जेवली.

तयारी

अपील केलं. तारीख आली. यावेळी दुसरं हॉस्पिटल आणि तीन डॉक्टर एकत्र बसणार होते.

गावात जो तो सल्ला देत होता. भाऊ म्हणाला, "आत गेल्या गेल्या पड. पडल्याबिगर कोन इस्वास ठिवत न्हाई." विहारातली एक आजी म्हणाली, "जय भीम म्हन आणि खरं खरं सांग, लेकरा." मी आजीचं ऐकायचं ठरवलं. पडायचं मला जमलं नसतं. पडू नये म्हणून तर दीड वर्ष घाम गाळला होता, मॅडमनी पायात पाय अडकू नये म्हणून शंभरदा ओरडून सांगितलं होतं. आता पडायचा सराव कुठून करू?

सुनंदा म्हणाली, "ते काय बी असू द्या. काठी ह्या वेळेला आत न्यायची. म्या सोता हातात देनार."

"व्हय," मी म्हणालो.

तपासणीच्या आदल्या दिवशी कंपनीतून आल्यावर तिनं काठी मोरीत नेली. घासणी आणि साबण लावून वरपासून खालपर्यंत घासली. लाल मातीचा थर निघाला, तेव्हा खालचं लाकूड इतकं उजळ आहे हे आम्हालाही नव्यानं कळलं. बुडाचं रबर एका बाजूनं झिजून तिरकं झालं होतं, ते तिनं उपसून टाकून दिलं आणि नसरापूरहून आणलेलं नवं बसवलं. डाव्या सँडलचं टोक घासून घासून फाटलं होतं, अंगठा बाहेर दिसायचा. "अशी सँडल घालून का मोठ्या दवाखान्यात जायचं?" म्हणून तिनं नवीन जोड आणली. माझी दाढी केली, शर्टाला इस्त्री केली. तीन डॉक्टरांसमोर नवरा नीट दिसला पाहिजे, काठी आत जाणार तर त्यांची फरशी घाण होता कामा नये, एवढंच तिच्या मनात होतं. ती काठी टॉवेलानं पुसून तिनं खाटेशेजारी ठेवली. मला वाटलं, आपण यावेळी काही चुकत नाही.

तीन डॉक्टर

आत गेलो. काठी हातात होती. सँडलही पायात राहू दिली, कारण इथं पाटी नव्हती. मी मॅडमनी शिकवल्याप्रमाणे चाललो: आधी काठी, मग डावा, मग उजवा. मुद्दाम वाईट चालायचं म्हटलं तरी मला ते येत नव्हतं.

मधले डॉक्टर वयस्कर होते. त्यांच्यासमोर पहिल्या तपासणीचा कागद होता. त्यांनी शांतपणे विचारलं, मीही सांगितलं. आजीनं सांगितलं तसं सगळं खरं. संडासला वेळेत पोचत नाही, कधी कधी सुनंदाला माझे कपडे धुवावे लागतात, तेही सांगितलं. सुनंदा मागं उभी होती. तिला हे सगळं माहीत होतं, पण मी ते तोंडानं बोललेलं तिनंही पहिल्यांदाच ऐकलं.

"काठी कधीपासून वापरता?"

"वर्ष होऊन गेलं, साहेब."

त्यांनी हात पुढं केला. मी काठी दिली. त्यांनी ती आडवी धरली, बुडाचं रबर अंगठ्यानं दाबून बघितलं. मग माझ्या पायांकडं बघितलं. सँडलच्या तळव्यावर अजून दुकानातला नंबरचा कागद होता, पाय तपासताना तो मलाही दिसला.

"ही काठी नवीन आहे," ते म्हणाले.

"न्हाई साहेब, जुनीच हाय," सुनंदा मागून म्हणाली. "म्या धुतली काल. रबर बदललं."

बाजूच्या डॉक्टरनं पहिल्या कागदातली ओळ बोटानं दाखवली. काठीशिवाय आला होता. मधल्या डॉक्टरांनी मान हलवली. ते रागावले नाहीत, खोटारडा म्हणाले नाहीत. मला वाटतं, त्यांनी रोज असे दहा जण बघितले असतील, कोपऱ्यावरच्या दुकानातून सकाळी काठी घेऊन येणारे. त्यांनी काठी मला परत दिली आणि म्हणाले, "काळजी घ्या. व्यायाम बंद करू नका."

मी व्यायामासाठीच इथं आलोय, असं सांगायचं होतं. तोंड उघडलंही होतं. पण शिपायानं पुढच्याचं नाव पुकारलं.

वेल्ह्याची गाडी

येताना स्वारगेटहून वेल्ह्याची एसटी धरली. कंडक्टर आणि एका प्रवाशानं मला खालून ढकलून वर चढवलं. कात्रजचा बोगदा मागं पडला. मग सुनंदा खिडकीकडं तोंड करून म्हणाली, "म्या धुवाया नको हुती."

खरं सांगायचं तर त्या क्षणी मला तिचा रागच आला होता. एवढी हुशार बाई, आणि नेमकं हेच सुचू नये.

"चिखुल असता तर कळलं असतं त्यांला," ती म्हणाली. "ती सँडल असती तर कळलं असतं. म्याच समदं पुसून टाकलं."

तेव्हा माझा राग कुठं गेला ते कळलं नाही. मी तिचा हात धरला. बायकोचा हात एसटीत धरायची आमच्याकडं पद्धत नाही, पण धरला. म्हणालो, "तुजी काय चूक? चांगल्या घरची मानसं दवाखान्यात चिखुल घिऊन जात्यात व्हय?"

ती रडत होती आणि मला तिला गप्प करता येत नव्हतं. नसरापूर फाटा आला, माणसं उतरली, चढली. मी माझ्याच रस्त्यावर दुसऱ्याच्या गाडीत बसून होतो.

घरी उतरल्यावर ती आत गेली नाही. बॅटरी घेऊन मागं उकिरड्यावर गेली आणि ते टाकलेलं जुनं रबर शोधत बसली. मी ओट्यावरून हाका मारत होतो, "ऱ्हाऊ दे, ये आत." तिनं बराच वेळ उकरलं. सापडलं नाही.

आता

निर्णय आला. पूर्वीचाच कायम. छत्तीस.

नसरापूरला जाणं बंद आहे. घरी जमेल तेवढे व्यायाम करतो, प्रतीक्षा कॉलेजातून आली की पाय ओढून देते. पण टाच आता पूर्ण टेकत नाही. विहारापर्यंत जायला मध्ये दोनदा थांबावं लागतं, पूर्वी एकदाही थांबत नव्हतो. आजार वाढला असेल तर नव्यानं तपासणी मागता येते, असा नियम आहे. त्यामुळं मी पुन्हा अर्ज केलाय. चालता येत होतं म्हणून पेन्शन मिळाली नाही, पेन्शन नाही म्हणून चालणं कमी झालं, आणि चालणं कमी झालं म्हणून आता मला अर्ज करता आला. यात हसावं की रडावं ते मला ठरवता येत नाही. मोबाईलवर अर्जापुढं "प्रलंबित" असं दिसतं. प्रतीक्षा रोज बघते. मी तिला सांगितलंय, रोज नको बघू.

तुमची तारीख जवळ आली असेल, तर माझं एवढं ऐका. जे रोज वापरता तेच घेऊन जा, जसं आहे तसं. फाटकं असेल तर फाटकं. मळलेलं असेल तर मळलेलं. कुणी कसं आहे विचारलं तर बरं आहे म्हणू नका. हे म्हणायला सोपं आहे, मलाही अजून नीट जमत नाही. परवा तहसीलमधला तो क्लार्क रस्त्यात भेटला, त्यानं विचारलं, "काय दिलीपभाऊ, बरं हाय का?" आणि माझ्या तोंडून पटकन "बरं हाय" निघून गेलं.

नवी सँडल खोक्यात घालून माळ्यावर ठेवलीय. जुनीच घालतो. काठी आता दारात राहत नाही, घरात येते. सुनंदानंच तसं सांगितलं. पाऊस सुरू आहे, लाल चिखल आहेच. दारापासून माझ्या खाटेपर्यंत फरशीवर काठीच्या बुडाचे गोल लाल ठसे उमटतात, आणि त्यांच्या बाजूनं डाव्या पायानं ओढलेली एक रेघ. सुनंदा सकाळी कामाला जायच्या आधी फरशी पुसते, पण तेवढा पट्टा सोडून पुसते.

मी एकदा म्हणालो, "पुस की ते बी. हितं कोन डॉक्टर बगाय येनार हाय?"

तिनं फडकं पिळलं. म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. आता म्या काय बी पुसनार न्हाई."